तीन दांड्यांची गाडी : आमची वाटचाल

आमचं गॅरेज जुन्या फोर बाय फोर गाड्यांचं, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या. दारात येणारा माणूस आधी रंग बघतो. बॉनेटवरून हात फिरवतो, टायरला लाथ घालतो आणि विचारतो, "कितीला द्याल?" गाडीखाली वाकणारा दहात एक. त्या एकाच्या जिवावर आमची छत्तीस वर्षं गेली. उरलेल्या नऊजणांच्या जिवावर हायवेला ज्यानं दुकान थाटलं, त्याच्याबद्दल पुढं लिहिणारच आहे. नाव मात्र घेणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणालाही विचारा.

1988 साली शिवाजी उद्यमनगरात बारा बाय तीसचा गाळा भाड्यानं घेतला. भागीदार म्हणजे आमचे वस्ताद. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून आलेला माणूस. पैसे माझे, हात त्यांचे. त्यांची हत्यारं पत्र्याच्या पेटीत असायची, पण डायल गेज आणि फिलर गेज ही बारीक मापाची हत्यारं कोल्हापुरी चपलेच्या खोक्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून. त्या खोक्याला पोरांनी हात लावायचा नाही. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी, बोलते का हे ऐकायला वस्ताद एक लांब पेचकस घ्यायचे, टोक हाउसिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. "इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग गेलंय," एवढंच म्हणायचे. उघडल्यावर तेच निघायचं.

आम्ही जुन्या फोर बाय फोर गाड्यांतच का शिरलो, असं लोक विचारतात. कारण कोल्हापूर. इथं दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार दसरा चौकात आली की म्हातारी माणसंसुद्धा टाचा उंचावतात. दुसरं कारण फौंड्र्या. विलीजच्या, म्हणजे जुन्या अमेरिकन जीपच्या, ट्रान्सफर केसचं बीड फुटलं तर दुसऱ्या गावात गाडी भंगारात जाते. इथं पॅटर्नवाल्याकडं लाकडी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करायचा, शिरोलीला ओतून घ्यायचं, उद्यमनगरात बोअर मारायचा. पंधरा दिवसांत नवी केस.

महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी विलीजचे सुटे भाग आणून भारतात जीप जोडायला सुरुवात केली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण विलीजचा पिकअप फार थोड्यांनी बघितलाय. अमेरिकेत टोलेडोला 1947 ते 1965 पर्यंत निघालेला, 118 इंची व्हीलबेसचा, पुढून थेट जीप आणि मागं हौदा. आत तीन दांड्या. एक गिअरची, एक पुढचा एक्सल जोडायची, एक हाय-लो ची. लो टाकला की गाडी जवळजवळ अडीच पट सावकाश आणि तेवढ्याच जोरानं ओढते. उसाच्या चिखलातून, गगनबावड्याच्या पावसात, माणूस शेजारनं चालत जाईल अशा चालीनं ती निघते आणि थांबत नाही. काँप्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्यानं सुटतं. या गाडीची ओढ लागली की सुटत नाही, ती यासाठी. दिसायला ती बऱ्यापैकी खुळीच दिसते.

असा एकच पिकअप आम्ही मूळ अवस्थेत बघितलाय, भुदरगडच्या आबांचा. आबांचं गुऱ्हाळ. गाडी त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या एका खाणवाल्याकडून घेतलेली. 1990 मध्ये आबा पहिल्यांदा आले, ते पुढच्या नकलचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचं, तेलाचं सील बदलायला. येताना गुळाची ढेप आणि एक लाल वही. गुऱ्हाळाचा हिशेब त्यातच, गाडीचाही त्यातच. एका ओळीला गुळाचा भाव, खाली "गिअर तेल बदलले, ट्रान्सफरमध्ये जादा निघाले." या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल हळूहळू ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, हे आबांनी वहीत मांडून स्वतःच ओळखलं होतं. वस्तादांनी ती वही तासभर वाचली आणि म्हणाले, "ह्या गाडीला मिस्त्री लागत न्हाई."

त्यानंतर 2015 पर्यंत काम चाललं. वस्ताद 2009 मध्ये गेले. सांगण्यासारखं एवढंच.

आता तो हायवेवाला. सात वर्षं आमच्याकडं होता. हात चांगला, घाई फार. त्याला पुढच्या चाकाच्या किंगपिनच्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, लावत बसायचा कंटाळा, पण लांबी (पुट्टी) भरून कागद मारायला एक नंबर. गेला, हायवेला शेड टाकली, काळा रंग, रुंद टायर, बंपरवर दिव्यांची माळ. गाड्या धडाधड विकल्या. आमचं काही म्हणणं नव्हतं.

मग त्यानं आमच्याकडून एक डिझेल पिकअप घेतला. चेसिसला पुढच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) मागच्या हँगरपाशी जुना जोड होता. मी त्याला खाली झोपवून दाखवला. "ही रस्त्यावर काढू नको, सुट्या भागांसाठी ने," असं बजावलं, भाव तसाच धरला. पण कागद केला नाही. कॅलेंडरच्या मागं रक्कम लिहिली आणि दोघांनी चहा घेतला. पोरगा आपला आहे म्हटलं.

2016 च्या पावसात ती गाडी आंबा घाटाच्या बाजूला एका हॉटेलवाल्याकडं काळी कुळकुळीत होऊन उभी होती. भरलेल्या हौद्यासकट चेसिस जोडापाशी बसलं. नशीब, गाडी उभी होती. हॉटेलवाला आमच्या गाळ्यात आला, कारण त्याला सांगण्यात आलं होतं, "गाडी मूळची त्यांचीच, चेसिस त्यांनीच जोडलंय." मी कॅलेंडर शोधलं. वर्ष संपलं तेव्हा बायकोनं रद्दीत घातलेलं.

बातमी कोल्हापुरात किती लवकर फिरते हे सांगायला नको. महिन्याभरात चार ॲडव्हान्स परत मागितले गेले, दिलेही. दिवाळीला पोरांचा बोनस द्यायला साडेचार फुटी लेथ विकला. गाळ्यात त्याच्या चार पायांचे डाग राहिले होते. तेलाचे. त्यावर मी बरेच दिवस खोकी ठेवली. लोक समोरून जाताना मान वळवायचे. ज्यांच्या गाड्या आम्ही वीस वर्षं बघितल्या, तेही.

आबा सर्व्हिसिंगला आले ते खंडेनवमीच्या आधी, नेहमीसारखे. गाळा रिकामा बघून काही विचारलं नाही. काम झाल्यावर चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी दारात हुबी ऱ्हाऊ दे. मी एश्टीनं जातो."

"आबा, गाडीशिवाय गुऱ्हाळ?"

"बैलं हाईत की. येणारा-जाणारा बघंल. ज्याला खाली वाकायचं त्यो वाकंल."

दोन महिने ती दारात उभी होती. लोक फोटो काढायचे. एकदा एक तरुण डॉक्टर शर्ट न काढता थेट खाली झोपला, अर्धा तास बाहेर आला नाही. त्याच्या जोंगाचं, म्हणजे सैन्यातल्या जुन्या जीपचं, काम आम्ही पुढं आठ महिने केलं. तिथून गाडं हललं.

ऑगस्ट 2019 चं थोडक्यात सांगतो. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अलीकडं आमची दुसरी शेड, आत पाच गाड्या. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी त्या खेपेला 55 च्या वर गेलं. आबा मुलीकडं आलेले, रस्ते बंद म्हणून अडकलेले. रात्री साडेनऊला पिकअप घेऊन हजर. फॅनचा पट्टा काढला, म्हणजे पंखा पाणी उडवणार नाही. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर ट्यूबचा तुकडा बांधला. लो, पहिला गिअर, क्लचला हात नाही म्हणजे पाय नाही. तीन गाड्या निघाल्या. दोन बुडाल्या. त्यांत एक माझी स्वतःची होती, म्हणून बरं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. जुना पिकअप घ्यायला जाताना सकाळी सातला जा, न सांगता. इंजिन गार असताना सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे काहीतरी लपवलंय. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं लांबी आहे. चेसिसवर छोटी हातोडी मारत जा. खणखणीत वाजलं पाहिजे, भसभसलं तर गंज आतून खातोय. एक्सलकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट हातानं मागंपुढं फिरवून बघा. एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांत पाच-सहा थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) खेळ असावा, मुठीत "टक" ऐवजी "खडाक" आलं तर उठून चहा प्या आणि घरी जा. चेसिसवर पंच केलेला नंबर आणि आरसी अक्षर-अक्षर जुळवा. बँकेचा बोजा बघा.

पासिंगचंही बघा. मालवाहू म्हणून नोंद असेल तर जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस. पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाडीला 2021 पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात "व्हीए" येतं, 20,000 रुपये फी. पण मग ती रोज वापरायची नाही आणि धंद्यालाही नाही. शाहू मार्केट यार्डाला गूळ न्यायचा असेल तर त्या पाटीचा मोह नको. आणि फोर बाय फोर लावून कोरड्या डांबरावर वळवू नका. पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात, आवाज येतो, मग लोक मिस्त्रीला शिव्या घालतात.

भागीदारी आणि उधारी कागदावर करा. सख्ख्या भावाशीसुद्धा. कॅलेंडरवर नको.

मागच्या महिन्यात एक पिकअप टोचन करून आमच्या गाळ्यात आला. काळा रंग, रुंद टायर, दिव्यांची माळ. मालक म्हणाला, हायवेवाल्यानंच पाठवलंय, म्हणाला ट्रान्सफर केसचं काम कोल्हापुरात तिथंच होतं. गाडी जॅकवर घेतली. केसमध्ये ग्रीस भरलेलं, आवाज दाबायला. पॅटर्न टाकला आहे, आठवड्यात ओतून येईल. यावेळी कागद केलाय, सहीचा, दोन प्रतींत. बिलात एक रुपया सोडलेला नाही.