क्यूआर कोड कुणाच्या नावाचा?

पाण्याच्या आवर्तनासाठी तहसील कचेरीसमोर आंदोलनाला बसायचं पोरांनी ठरवलंय. त्यांतल्या एकाने फोन केला, “काका, वर्गणीसाठी क्यूआर कोड कुणाच्या नावाचा लावू?” मी सहकारी बँकेतला निवृत्त कॅशियर. पंचक्रोशीत आंदोलनाचा मांडव पडला की हिशेबाची वही माझ्याकडे येते.

म्हटलं, तुझ्या नावाचा नको आणि माझ्याही नको. तिघांचं खातं काढा, कुठल्याही दोघांच्या सहीने पैसे निघतील असं. नाहीतर पुढच्या वर्षी तू घरावर स्लॅब टाकलास की गाव म्हणेल, बघा, वर्गणी जिरली!

मोठा आकडा म्हणजे मोठी भानगड, असंही नाही. 31 मार्च 1921 ला बेझवाड्याच्या (आताचं विजयवाडा) बैठकीत काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी 1 कोटी जमवायचं ठरवलं, मुदत 30 जूनची. तेव्हाचे कोटी! आणि ते जमले. त्यात वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी दिलेले 1 लाख होते, ते असहकारात वकिली सोडलेल्यांच्या चरितार्थासाठी. पैसा कशासाठी, हे देतानाच ठरलेलं. मला ती गोष्ट आवडते.

कारण आमच्याकडे सगळा पैसा मांडव, स्पीकर, डिझेल आणि चहा-वडापावात जातो. खरा खर्च मांडव उतरल्यावर सुरू होतो. रस्ता रोकोनंतर जमावबंदी मोडल्याचा गुन्हा लागतो, पोलीस अधिनियमाचं 135 कलम जोडलं जातं, आणि मग वर्षानुवर्षं तारखा. पुढारी वकिलाच्या गाडीतून येतो. शेतमजुराचं काय? त्याचा रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. जामीनदार शोधत फिरायचं ते वेगळंच. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांनी कायदे मागे घ्यायची घोषणा झाल्यावरही गुन्हे मागे घेतल्याशिवाय उठणार नाही म्हटलं, ते उगाच नव्हे. म्हणून माझा हट्ट असतो की जमा झालेल्या रुपयातले चार आणे तारखांसाठी बाजूला. त्याला हात लावायचा नाही, उपोषणाचा विसावा दिवस असला तरी.

त्याच शेतकऱ्यांपैकी पंजाबातल्या एका संघटनेला डिसेंबर 2020 मध्ये बँकेने परदेशातून आलेल्या पैशांबद्दल हटकलं होतं. आपलीही पोरं दुबईला, अमेरिकेला आहेत. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगीत धरत नाहीत. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याचे धरतात, म्हणून ते नकोत. त्याला प्रेमाने सांगा, सुट्टीत आलास की मांडवात येऊन बस.

हिशेब रोज संध्याकाळी फळ्यावर लिहायचा, यावर नेहमी वाद होतो. “पोलिसांना आयतं मिळतं” म्हणे. अहो, मांडववाल्याचं बिल किती झालं हे हवालदाराला तुमच्याआधी ठाऊक असतं. देणाऱ्यांची नावं मात्र फळ्यावर नकोतच. मास्तर, तलाठी गुपचूप देतात, त्यांच्या नोकरीवर बेतायचं. फळ्यावर पावती क्रमांक आणि रक्कम, नावं स्थळप्रतीवर, म्हणजे पावतीच्या आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आणि पावती पुस्तक कुलपात. ज्याला शंका असेल त्याने आपला क्रमांक ताडून बघावा.

उरलेल्या पैशांचं काय, हेही पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. आंदोलन जिंकलं की भांडणं तिथूनच लागतात. पोराला एवढं सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, “काका, मग तिघांतले एक तुम्हीच व्हा की.” उद्या बँकेत जातोय, आधार-पॅन घेऊन.