हवेत मोजणारं कुणीतरी हवं

ओझोनच्या कामात आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, अगं ते भोक बुजलं ना कधीच, मग तुम्ही अजून काय करता तिकडे नैरोबीत? परवा वहिनीने फोनवर हेच विचारलं. प्रश्न रास्तच आहे, पेपरात बातम्या तशाच येतात. पण बुजलेलं नाहीये अजून. 2022 च्या शास्त्रीय आढाव्यात असं आहे की ओझोन खाणारे वायू बंद करायचा जो मॉन्ट्रियल करार आहे त्याचे नियम सगळे देश आत्तासारखेच पाळत राहिले तर जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन 2040 च्या आसपास 1980 च्या, म्हणजे भोक मोठं व्हायच्या आधीच्या, पातळीला येईल, आर्क्टिकवर 2045 आणि अंटार्क्टिकावर 2066 च्या सुमारास. माझी भाची आत्ता दुसरीत आहे, ती तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. तोवर सगळ्यांनी नियम पाळायचे आणि पाळतायत की नाही हे कुणीतरी बघायचं, तर त्या बघण्याच्या व्यवस्थेत मी काम करते.

आज दिवसभर करारातल्या देशांची मीटिंग होती. सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा मुख्य सभागृहात, सहा भाषांतले दुभाषे काचेमागे बसलेले, सगळं अगदी शिस्तीत. सहा वाजले की दुभाषे उठतात आणि मग खरी घासाघीस छोट्या खोल्यांमधे सुरू होते, ती नुसती इंग्रजीत. भिंतीवर मसुदा लावलेला असतो आणि ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात. आज रात्री साडेनऊपर्यंत एकच कंस सुटत नव्हता, '[उपलब्ध निधीच्या मर्यादेत]'. विषय होता हवेतले वायू मोजणारी केंद्रं जिथे नाहीत तिथे उभारायची कशी. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना तो कंस काढून ते शब्द ठेवायचे होते, ज्यांच्याकडे केंद्रं नाहीत त्यांना ते शब्दच नको होते. पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाच्या बाई होत्या, त्यांच्या देशाकडून त्या एकट्याच आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या, आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत एचएफसीवर, म्हणजे सीएफसीच्या जागी आलेल्या, ओझोनला न खाणाऱ्या पण पृथ्वी तापवणाऱ्या वायूंवर, दुसरा गट चालू होता. त्या दोन्हीकडे पळत होत्या. मी त्यांना मधे मधे कागदावर लिहून देत होते की तुम्ही नव्हतात तेव्हा कुठलं वाक्य बदललं. दहा-बारा जणांची शिष्टमंडळं आणणाऱ्या देशांना हे कधी कळणार नाही, पण एकट्या माणसाला दोन खोल्या म्हणजे एका खोलीत त्याच्या देशाचा आवाजच नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, दरवेळी येतो.

आता केंद्रांसाठी इतका आटापिटा का, तर सीएफसी-11 मुळे.

हा ओझोन खाणारा वायू आधी फोम फुगवायला वापरायचे, फ्रिजच्या भिंतीत असतो तसला, आणि इमारतींच्या इन्सुलेशनमधे पण. 2010 पासून जगभर उत्पादन बंद, कागदावर सगळ्यांचं शून्य. हवेतलं प्रमाण कमी होत होतं ते मात्र 2012 नंतर पाहिजे तेवढ्या वेगाने कमी होईना. अमेरिकेतल्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2018 मधे हे जाहीर केलं की कुणीतरी नव्याने बनवतंय. पुढच्या वर्षी कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान केंद्र आणि जपानचं हातेरुमा केंद्र यांच्या नोंदी वापरून दाखवलं गेलं की वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून येतोय, मुख्यतः शानडोंग आणि हेबेई प्रांतांतून. मग चीनने कारवाई केली आणि 2021 ला आलेल्या अभ्यासांत दिसलं की उत्सर्जन परत खाली आलं.

हे किती बारीक मोजमाप आहे बघा. हवेच्या एक लाख कोटी रेणूंमधे या वायूचे सव्वादोनशेच्या आसपास रेणू. गोसानसारख्या केंद्रात हवा आत ओढतात, उणे 165 अंशांपर्यंत थंड केलेल्या नळीत तिच्यातले हे वायू अडकवतात, मग तापवून एकेक सोडतात आणि मोजतात, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. वारा कुठल्या दिशेने आला होता ते हवामानाच्या मॉडेलमधे मागे मागे जाऊन बघतात. जेजूला चीनकडून वारा येतो म्हणून ते सापडलं. आणि तेव्हाही जगातली जेवढी वाढ होती त्यातली 40 ते 60 टक्केच तिथे बसली, बाकीची कुठून आली ते नक्की सांगता येईना, कारण बाकी जगाचा वारा बघणारं जवळपास कुणी नाहीच. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सगळा मोठा मोकळा भाग. म्हणजे उद्या आपल्याकडे कुणी चोरून बनवलं तर लवकर कळणारही नाही, आणि कुणी आपल्यावर खोटा आळ घेतला तर तो खोडून काढायला आपल्याकडे आकडेही नसतील. दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि आपल्याकडच्या लोकांशी बोलताना मी तोच आधी मांडते.

ओझोन मोजायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे हं. हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांनी त्यात आयुष्य घातलं, पुण्याहून हवामान खात्याचे बलून ओझोनसोंद, म्हणजे ओझोन मोजणारं छोटं यंत्र, घेऊन वर जातात. पण हे वरचा ओझोन किती आहे ते मोजणं झालं, जमिनीजवळच्या हवेत सीएफसी-एचएफसी सतत मोजत राहणं हे वेगळं काम आहे, वेगळी यंत्रं, वेगळी माणसं. दुसरे रामनाथन, हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन, त्यांची गोष्ट मी नवीन मुलांना नेहमी सांगते. इंजिनिअर झाल्यावर ते सिकंदराबादला फ्रिजच्या कारखान्यात होते आणि काम काय, तर फ्रिजमधला गॅस का गळतो ते शोधायचं. पुढे अमेरिकेत गेल्यावर 1975 मधे त्यांनीच दाखवून दिलं की हेच सीएफसी वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तीव्र आहेत. मॉन्ट्रियल करार व्हायला तेव्हा अजून बारा वर्षं होती आणि एचएफसी कमी करायची त्या करारातली किगालीची दुरुस्ती तर ऑक्टोबर 2016 ची. शास्त्र आणि करार यांच्यामधे इतकं अंतर पडतं, आणि ते कमी करायचं तर कुणाला तरी दोन्हीकडच्या लोकांना पुन्हा पुन्हा एका खोलीत बसवावं लागतं.

गळतीवरून आठवलं. गेल्या सुट्टीत साताऱ्याला घरी होते, आईच्या खोलीतला जुना एसी गार करत नव्हता म्हणून मेकॅनिक बोलावला. पोरगा चांगला होता, कामाचा, म्हणाला ताई जुना गॅस काढून नवीन भरायला लागेल, आणि पाना लावून व्हॉल्व्ह सोडलाच की. फुस्स करून सगळा आर-22 गॅस गॅलरीतून बाहेर. किलोभरच असेल, पण तो किलोभर म्हणजे शंभर वर्षांच्या हिशोबाने पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडच्या वर जातो, शिवाय ओझोनचं नुकसान वेगळं. मी त्याला विचारलं, हा परत सिलिंडरमधे ओढून घेता येतो ना? तो म्हणाला येतो की, पुण्यात ट्रेनिंगमधे दाखवलंय, पण ते मशीन मालक घेत नाही आणि त्याला लागणारा जास्तीचा अर्धा तास कुठलं गिऱ्हाईक देतंय. बरोबर आहे त्याचं. ट्रेनिंगला कराराच्या निधीतून पैसे जातात हे मला माहितीये, ते कागद मी बघितलेत, पण ट्रेनिंग देऊन हातात मशीन नाही दिलं तर गॅस गॅलरीतूनच जाणार. तेव्हापासून सर्व्हिसिंगवरचे प्रस्ताव आले की मी आधी यंत्रांचं पान उघडते.

किगालीत आपण 2028 ला एचएफसीचा वापर आहे तिथेच गोठवायचं कबूल केलंय, आखाती देश, पाकिस्तान, इराण, इराक आणि आपण एका गटात, बाकीच्या बहुतेक विकसनशील देशांचं 2024 पासूनच सुरू झालं. 2047 पर्यंत 85 टक्के कपात. आता प्रत्येक घरात एसी येतोय आणि यायलाच पाहिजे, विदर्भातला मे महिना ज्याने बघितलाय तो याच्याविरुद्ध बोलणार नाही. म्हणून तर त्यात गॅस कुठला आणि तो शेवटी जातो कुठे हे बघायला पाहिजे.

तर तो कंस. उद्या सकाळी आठला परत बसायचंय. मी एक कागद तयार केलाय, कुठल्या देशातलं कुठलं विद्यापीठ जागा आणि वीज द्यायला तयार आहे, कुणाकडे टेकडीवर जुनं हवामान केंद्र रिकामं पडलंय, यंत्रं चालवायला माणसं किती महिन्यांत तयार होतील. व्हिएन्ना कराराखाली, म्हणजे मॉन्ट्रियलच्या आधीच्या मूळ ओझोन कराराखाली, संशोधन आणि निरीक्षणासाठी 2003 पासून एक ऐच्छिक निधी आहे, त्यात देशांनी मनात आलं तर घालायचे पैसे, आणि गरजेच्या मानाने तो फारच छोटा आहे. पैसेवाल्या देशांना 'केंद्रं उभारा' असं मोघम सांगितलं की ते घाबरतात, पण अमुक टेकडीवर अमुक यंत्र एवढं सांगितलं तर त्यांच्या अधिकाऱ्याला मायदेशी विचारता तरी येतं. त्या पश्चिम आफ्रिकेच्या बाईंच्या देशाचं नाव यादीत तिसरं आहे. त्यांना तो कागद फ्रेंचमधे करून आत्ताच पाठवला, म्हणजे आठ वाजता बोलायला त्यांच्या हातात काहीतरी असेल, आणि एचएफसीच्या गटाची वेळ नऊपर्यंत पुढे ढकला म्हणून अध्यक्षांना मेसेज पण टाकलाय.