उन्हाळ्याच्या नकाशातला लाल रंग

हवामान विभाग २०१६ पासून उन्हाळ्याच्या तापमानाचा हंगामी अंदाज देतो. तो आला की पहिला प्रश्न असतो, यंदा पारा किती चढणार? नकाशातल्या लाल रंगात त्याचं उत्तर नाही, कारण तो रंग अंश सेल्सिअस दाखवतच नाही, शक्यता दाखवतो. मागच्या अनेक वर्षांतले उन्हाळे तापमानानुसार लावून त्यांचे तीन सारखे गट केले, की प्रत्येक गटाची शक्यता ३३ टक्के होते. तुमच्या जिल्ह्यावर वरच्या, म्हणजे सर्वांत उष्ण गटाचे ४० टक्के असतील, तर कल थोडासाच आहे. ७० असतील तर तयारीला लागा. ज्यात ही टक्केवारीच नसते ती बातमी माझ्या मते निरुपयोगी.

पंधरा दिवसांनंतरचा एखादा दिवस नेमका कसा असेल हे सांगता येत नाही, तरी तीन महिन्यांचा कल सांगता येतो तो समुद्रामुळे. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता साठू शकते. असं पाणी तापायला आणि निवायला महिने लागतात, आणि तोवर वरच्या हवेला ते वळण लावत राहतं.

म्हणून आधी पाहायचा तो पॅसिफिकमधला नीनो ३.४ हा पट्टा: विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंश, १७० ते १२० पश्चिम रेखांश. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा जास्त गरम राहिलं, आणि तेही महिनोन्‌महिने, तर तो एल निनो. तो साधारण डिसेंबरच्या आसपास कळसाला पोचतो. हिंदी महासागर त्यानंतर तीन-चार महिन्यांनी तापतो, त्यामुळे आपल्याकडे झळ बसते ती पुढच्या उन्हाळ्यात. राजस्थानात २०१६ च्या मे महिन्यात फलोदीला ५१ अंश आणि २०२४ च्या मेमध्ये चुरूला ५०.५ अंश नोंदले गेले. दोन्ही वेळा आधीच्या हिवाळ्यात जोरदार एल निनो होता. १ एप्रिल २०२४ च्या अंदाजात उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीच्या ४ ते ८ ऐवजी १० ते २० असतील, असं सांगितलं होतं.

पण नुसत्या समुद्रावर विसंबलं की २०२२ सारखी फसगत होते. पॅसिफिक थंड होता, म्हणजे एल निनोच्या उलट ला निना चालू होती, तरी देशाच्या सरासरी कमाल तापमानात तो मार्च १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पश्चिमेकडून येऊन उत्तरेत पाऊस पाडणाऱ्या वादळी प्रणाली, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, पाऊस घेऊन आलेच नाहीत, महिन्याभरात ३०.४ मिलिमीटरऐवजी ८.९ मिलिमीटर पाऊस पडला. ढग नाहीत, सरी नाहीत, जमीन कोरडी. उत्तरेत गव्हाचा दाणा भरायच्या वेळीच तापला आणि मे महिन्यात सरकारला निर्यात थांबवावी लागली. एका महिन्यातले असे वाऱ्यांचे खेळ हंगामी अंदाजाला फार आधी दिसत नाहीत.

आणखी एक अडचण वसंत ऋतूची. मार्च ते मे या काळात पॅसिफिक कूस बदलत असतो, म्हणून त्या महिन्यांत केलेलं एल निनोचं भाकीत कच्चं असतं. जूननंतरचं बरंच भरवशाचं. अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रारूपांनाही समुद्र मुळात थोडा थंड किंवा गरम दाखवायची खोड असते. मागच्या वर्षांचे अंदाज त्याच प्रारूपावर पुन्हा चालवून ती चूक मोजतात आणि वजा करतात.

किमान तापमानाचा नकाशा वेगळा येतो, तो जरूर उघडा. रात्री उकाडा राहिला की पिकाला आणि माणसाला दोघांनाही विसावा मिळत नाही. पाणी, सावली, मजुरांच्या कामाच्या वेळा ठरवायला मात्र दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज घ्या, आणि त्यातही पहिल्या दोन आठवड्यांवर जास्त भिस्त ठेवा.