तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मायामीत स्पॅनिशवाचून अडतं का?

वर्षातून चार-पाच जणांचा तरी फोन येतो. कंपनी मायामीला पाठवतेय, नाहीतर बायकोला तिकडे नोकरी लागलीय. कुणाच्या तरी ओळखीतून माझा नंबर मिळालेला असतो. घरभाडं, शाळा, वाणसामान वगैरे विचारून झालं की आवाज जरा खाली येतो. "तिथे म्हणे सगळे स्पॅनिशच बोलतात. आम्हाला तर एक अक्षर येत नाही. अडेल का हो?"

मी म्हणतो, काही अडत नाही, या बिनधास्त. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी व्याप्ती सांगतो. मायामी ज्यात येतं त्या मायामी-डेड काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, वस्ती 2020 च्या जनगणनेत 27 लाख होती. त्यातले जवळजवळ 69 टक्के लोक लॅटिनो, आणि साधारण दोन तृतीयांश घरांत बोलणं स्पॅनिशमध्ये. आम्ही 2016 मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलो ते थेट याच काउंटीतल्या हायलियात, कारण भाडं परवडत होतं. सव्वादोन लाखांच्या या गावात लॅटिनोंचं प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे दुकानात शिरल्यावर समोरचा माणूस इंग्रजीत सुरुवात करील, ही अपेक्षाच चुकीची.

त्यातून आमचा रंग. न्यू जर्सीत माझ्याकडे बघून कुणाला शंका येत नसे, हा इंडियनच. इथे मी बघणाऱ्याच्या सोयीनुसार कोलंबियन, डॉमिनिकन नाहीतर व्हेनेझुएलाचा. गोऱ्या माणसाशी निदान चाचपडत का होईना इंग्रजीत बोलतात, माझ्यावर सरळ स्पॅनिशची सरबत्ती. मी मान हलवली की त्यांना वाटतं, पोरगा इथेच जन्मला, आईबापांनी भाषा शिकवली नाही. एका म्हाताऱ्या काउंटरवाल्या बाईंनी मला त्याबद्दल चक्क झापलं होतं. काय बोलल्या ते कळलं नाही, पण झापणं कुठल्याही भाषेत कळतं.

मग खुलासा करावा लागतो की मी भारतातला. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "इंदू?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापलोच, माझ्या मावशीचं नाव हिला कसं माहीत! नंतर कळलं, तो 'हिंदू' आहे. स्पॅनिशमध्ये 'ह' लिहितात, उच्चारत नाहीत. आणि 'इंदिओ' म्हटलं की अमेरिका खंडातले मूळ रहिवासी होतात, म्हणून भारतातला तो 'इंदू'. धर्माचा संबंध नाही. माझा औरंगाबादचा मुसलमान मित्र इथे आला होता, तोही तीन दिवस इंदू होता.

पहिल्याच आठवड्यातली फजिती सांगतो. इथे उपाहारगृहांना रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी असते, तिला म्हणतात वेंतानिता. लोक बाहेर उभ्याउभ्या कॉफी पितात आणि राजकारण बोलतात, थेट आपला टपरीचा कट्टा. आतल्या बाई म्हणाल्या, "दिमे, मी आमोर." शब्दशः 'सांग, माझ्या लाडक्या'. पण अर्थ एवढाच की 'बोला साहेब'. गांगरू नका, सगळ्यांनाच म्हणतात. मी शेजाऱ्यानं मागवलं तेच बोट दाखवून मागितलं. थर्माकोलचा पेलाभर काळीभोर कॉफी आली, वर तांबूस फेस, आणि सोबत औषधाच्या टोपणाएवढे पाच प्लास्टिकचे कप. ते कप कशाला ते मला कळेना. मी आपला पेला तोंडाला लावला आणि संपवला. रांग गप्प झाली. एकानं हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला.

ती होती कोलादा. ऑफिसातल्या एकानं न्यायची आणि पाच जणांत वाटायची. आपल्या कटिंगचा क्यूबन अवतार म्हणा, फक्त हे पाच कटिंग मी एकट्यानं घेतले होते. रात्री तीनपर्यंत छताकडे बघत पडलो. त्या फेसाचं मात्र नंतर फार कौतुक वाटलं. एस्पुमिता म्हणतात त्याला. कॉफीचे पहिले काही थेंब साखरेवर घेऊन ती पांढुरकी होईतो फेटायची. पाहुणे आले की आई कपात कॉफीपूड आणि साखर घेऊन चमच्यानं अशीच फेटत बसायची, हात दुखेपर्यंत.

शाकाहारी असाल तर एक जपा. 'सीन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करून मी गेलो. पण इथे 'कार्ने' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गाईचं मांस येतं. त्यामुळे शपथेवर 'सीन कार्ने' दिलेल्या काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. बायकोनं चमचा खाली ठेवला तो दोन महिने तिथे पाऊल टाकलं नाही. आता आम्ही कोंबडी, डुक्कर, मासे, सगळी नावं घेऊन नाही म्हणतो. यादी लांबते, पण जेवण सुखाचं होतं. उपासाला मात्र हे गाव चांगलं. 'युका' म्हणून जे तळून देतात तो कसावाचा कंद, ज्यापासून आपला साबुदाणा होतो. माझी सासू इथे एकादशीला तळलेला युका खाऊन खूश होती, तेल कुठलं ते आम्ही तिला विचारू दिलं नाही. आणि हो, क्यूबन माणसाच्या दुकानात पपईला 'पापाया' म्हणू नका. त्यांच्यात तो शब्द भलत्याच अर्थानं वापरतात. 'फ्रुता बोंबा' म्हणायचं. मी भर दुकानात, मोठ्यानं, दोन मागितल्या होत्या.

नोकरीचं विचाराल तर मायामीच्या ब्रिकेल भागातल्या बँकांत, आयटीत इंग्रजी पुरतं. पण दवाखाना, शाळा, दुकान, जिथे माणसांशी गाठ आहे तिथे जाहिरातीत 'बायलिंग्वल' हा शब्द हमखास. माझी बायको मराठी, हिंदी, इंग्रजी आणि बऱ्यापैकी गुजराती बोलते. मुलाखतीत तिनं हे सांगितलं तेव्हा समोरचा हसून म्हणाला, पण तुम्ही बायलिंग्वल नाही ना. चार भाषा येणारी बाई इथल्या हिशेबात एकभाषिक ठरली. ती ते अजून विसरलेली नाही.

आता जे फोनवर सांगता येत नाही ते. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत समोरच्या ब्लॉकमध्ये एक कुटुंब होतं. माणसं भली, पण बाबांचा त्यांच्यावर कायमचा राग. "पंधरा वर्षं राहतायत, 'पाणी आलं का' एवढंही मराठीत विचारता येत नाही." मीही माना डोलवायचो, अजूनही काही अंशी डोलवतो. आणि आता हायलियात मी तोच समोरचा ब्लॉक आहे. इथली तीन पिढ्यांची गल्ली, मी उपरा, आणि येताजाता हसण्यापलीकडे माझी मजल नाही.

बरं, इथे इंग्रजी आधी होती, स्पॅनिश मागून आली, हेही खरं. 1959 च्या क्रांतीनंतर क्यूबातून लोक यायला लागले. 1973 मध्ये काउंटीनं स्वतःला द्विभाषिक जाहीर केलं. मग 1980 मध्ये क्यूबातल्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख माणसं होड्यांतून फ्लोरिडात उतरली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी नियम करून टाकला की काउंटीनं इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेवर पैसा खर्च करायचा नाही. तो नियम 1993 पर्यंत टिकला. पाट्यांची भांडणं बघत वाढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. फक्त मी कुणाच्या बाजूनं आहे हे मला ठरवता येत नाही. ऑफिसातला एक जुना गोरा सहकारी कुरकुरतो, "यांना इतकी वर्षं राहून इंग्रजी येत नाही," तेव्हा मला त्याच्या तोंडी बाबा दिसतात. बाबांचंही पटतं. आणि माझ्या गल्लीतल्या, साठ वर्षं एकाच भाषेत सुखानं जगलेल्या म्हाताऱ्यांचंही पटतं.

शिकणं अवघड आहे का, तर आपल्याला नाही. 'त' आणि 'द' आपलेच आहेत. तू आणि तुम्ही आहे. 'पगार' तिकडे क्रियापद आहे, पैसे देणं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिनं आपल्या घरात पाव, साबण, चावी, बादली आधीच आणून ठेवलंय. वर्गात माझ्या शेजारी बसलेला अमेरिकन 'मे गुस्ता एल काफे'शी तीन आठवडे झगडत होता. कॉफी मला आवडते, मग कर्ता कॉफी कशी? मला झगडायचं कारणच नव्हतं. मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात. आवडणारी वस्तू बदलली की क्रियापद बदलतं, झालं. पेला फुटला तर स्पॅनिश माणूस 'मी पाडला' म्हणत नाही, 'से मे कायो' म्हणतो, माझ्या हातून पडला. काय सभ्य भाषा आहे! चूक झाली, पण केली कुणी नाही.

कोशावर मात्र भरवसा ठेवू नका. नळ गळत होता, बिल्डिंगचा दुरुस्तीवाला म्हणाला, "आओरिता." कोशात अर्थ 'आत्ता, लगेच'. मी रजा टाकून दिवसभर बसलो. क्यूबन माणसाचा आओरिता म्हणजे 'नंतर बघू'. आपल्या प्लंबरच्या 'आलोच'वर पोसलेल्या माणसानं हे ओळखायला हवं होतं.

हे सगळं येत असूनही मला स्पॅनिश बोलता येत नाही, कारण मी आळस केला. वर्ग चार महिन्यांत सोडला. मुलगी शाळेत वर्षभरात फडाफड बोलायला लागली आणि आम्ही तिच्यावर रेललो. इथल्या घरांत नातवंडं आजीसाठी इंग्रजीचं भाषांतर करतात, आमच्या घरात नऊ वर्षांची पोर बापासाठी स्पॅनिशचं करते. दवाखान्यातही तिला न्यायचो. तिथे काय काय तिच्या तोंडून ऐकावं लागलं ते आठवलं की आजही ओशाळतो.

2017 च्या सप्टेंबरात इर्मा वादळ आलं. आमच्याकडे सगळ्यात वाईट फटका बसला नाही, पण वीज गेली. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "से फुए ला लूस." मी मनातल्या मनात शब्द लावले: गेली, लाईट. पॉवर नाही, आउटेज नाही, लाईट गेली. इतकी वर्षं अमेरिकेत राहून असं मला कुणी म्हटलं नव्हतं. चार दिवस घरात बसवेना, तेव्हा सगळी गल्ली अंगणात. आजींकडे गॅसची शेगडी होती. त्यांनी आम्हाला डबाभर भात-घेवडा आणून दिला, आणि स्वतःहून एकेक बोट मोडत सांगितलं की यात काय काय नाही.

चौथ्या रात्री नऊच्या सुमाराला खांबावरचा दिवा फडफडला आणि टोकाच्या घरातून आरोळी उठली, "येगो ला लूस!" घराघरातून तीच आरोळी, मीही ओरडलो, "आली आली!" पाच मिनिटांत खिडक्या लागल्या, एसी घरघरले आणि अंगण रिकामं झालं.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून बायकोनं त्यात शिरा भरला. मीच घेऊन वर गेलो. आजींनी दारातच बोटानं चाखला आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. त्यातला 'आसूकार' एवढा एकच शब्द मला कळला. साखर जास्त झाली की कमी, हे विचारायला मुलीला वर बोलवावं लागलं.