शेणाचा फोटो काढलास का?

जूनचा शेवटचा रविवार होता. तीन दिवस लागून राहिलेल्या पावसाने सकाळी उघडीप दिली, तेव्हा आम्ही चौघी मैत्रिणी सायकली काढून नाशिकच्या गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे निघालो. खरा हेतू चहा-भजी, व्यायाम हे निमित्त. गिरणारं यायच्या थोडं अलीकडे, टोमॅटोसाठी वावर तयार करायचं काम चालू होतं, त्याच्या कडेला पत्र्याचा एक गोठा आहे. रस्त्यावरून सरळ दिसतो. गोठ्यापुढे एक बैल उभा होता आणि त्याची एकूण एक बरगडी मोजता येत होती.

मी सायकल थांबवली. बैलामागे काळी-पांढरी गाय होती. तिच्या कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी खुंट्यांसारखी वर आलेली, पोटापर्यंत चिखल. पाण्याचा हौद शेवाळाने हिरवागार. हाक मारली तर आतून कोणी ओ दिली नाही. मी सात-आठ फोटो काढले, त्यातले तीन ग्रुपवर टाकले. आम्ही भजी संपवून घरी पोचेपर्यंत त्यावर पंचवीसेक संतापलेले चेहरे आले होते. ‘अशा लोकांना आत टाकलं पाहिजे’ असंही एकीने लिहिलं. आत टाकायची जबाबदारी अर्थातच फोटो काढणारीवर आली.

संध्याकाळी सासूबाईंना फोटो दाखवले. त्यांचं माहेर घोटीजवळचं, घरी डांगी जातीची जनावरं होती. चष्मा लावून त्यांनी बैलाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाल्या, “म्हातारा आहे गं हा. शिंगांना गेल्या पोळ्याचा रंग दिसतोय बघ अजून.” मला तो रंग दिसलाच नव्हता. मग गाईचा फोटो बघितला. “ही कधी व्यायली?” मला कुठून माहीत असणार? “बरं, शेण कसं होतं?”

“शेण?”

“शेणाचा फोटो काढलास का?”

मी नाही म्हटल्यावर त्यांनी फोन परत दिला आणि मालिका लावली.

मला तो उडवून लावण्याचाच प्रकार वाटला. रात्री बसून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा वाचून काढला. त्यातलं कलम ११ आपल्या कामाचं. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा. फार आखूड किंवा फार जड दोरीने, साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास. मी तीनदा वाचलं. सकाळी आम्ही भज्यांचेच एकशे साठ दिले होते.

तरी सोमवारी अर्धी रजा टाकली. पोलीस ठाण्यात सांगितलं, आधी डॉक्टरांचा दाखला आणा, जनावर उपाशी आहे हे आम्ही कसं ठरवणार? जनावरांच्या दवाखान्यात सांगितलं, पोलिसांचं पत्र असेल तर रीतसर तपासणी करता येते. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पलीकडच्या मुलीने अगदी नीट समजावून सांगितलं की ही सेवा उपचारासाठी आहे, मालकाने फोन केला तर गाडी दारात येईल. मंगळवारी पुन्हा दवाखान्यात गेले. लेखी अर्ज, फोटो, गोठ्याची खूण असं सगळं दिलं आणि पोच घेतली. तिथले पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, फोटो बघून म्हणाले, “मॅडम, फोटोवरून मी रोग सांगत नाही आणि गुन्हाही सांगत नाही. गुरुवारी त्या बाजूला घटसर्प-फऱ्याच्या राहिलेल्या लसी द्यायला चाललोय. येता का?”

गेले. जाताना जीपमध्ये त्यांनी मला एकच गोष्ट दोन-तीनदा सांगितली, ती आता पक्की लक्षात आहे. गोठ्यात एकच जनावर खराब असेल, तर त्या जनावराबद्दल विचारा: वय काय, वेत कितवं, दात आहेत का, जंत, गोचीड ताप, की पोटात तार गेलीय. सगळीच जनावरं एकसारखी खराब असतील, म्हातारी, तरणी, भाकड, दुभती सगळी, तर मग मालकाकडे बघा. मागे एका गोठ्यात ते गेले होते, तिथे गव्हाणीत कोळ्याने जाळं विणलेलं होतं. “जाळं बघितल्यावर मी जनावरांना हातच लावला नाही,” म्हणाले, “आधी मालक कुठाय ते विचारलं.” मालक पंधरा दिवस दवाखान्यात आणि घरचं माणूस त्याच्या उशाशी. उपासमार खरी होती, पण तिथे कोणावर कलम लावणार? शेजाऱ्यांनी जनावरं वाटून घेतली आणि चारा घातला.

गोठ्यावर पोचलो तर मालक होते. साठीचे असतील. डॉक्टरांना त्यांनी ओळखलं, मला नाही. डॉक्टरांनी “या मॅडम सोबत आल्यात” एवढंच सांगितलं आणि माझी लाज राखली, निदान अर्धा तास.

मला वाटलं होतं ते आधी बैलाकडे जातील. ते गव्हाणीकडे गेले. तिच्यात मक्याची ओली कुट्टी होती, तळाला कालची उरलेली. म्हणजे खायला इतकं मिळतंय की उरतंय. हौदाच्या कडा शेवाळलेल्या, पण पाणी ओंजळीत घेतलं तर नितळ, वर पाइप चालू. माझ्या फोटोत फक्त कडा आल्या होत्या. चिखलाचंही तेच. गोठ्यापुढे घोटाभर चिखल होता, आत मात्र मुरमाची उंच जागा होती आणि ती कोरडी होती. डॉक्टरांनी गाईच्या मागच्या पायांचे ढोपर बघितले. ओल्यात किंवा कठीण जमिनीवर बसावं लागतं त्या जनावराचे केस तिथे घासून जातात, मग सूज येते, जखम होते. इथे केस शाबूत होते.

मग त्यांनी माझाच हात धरून गाईच्या शेपटीच्या मुळाशी ठेवला. दोन्ही बाजूंना खळगा लागला. “खोल आहे, पण बोटांना थोडं मऊ लागतंय ना?” लागत होतं. नुसतं कातडं आणि हाड असतं तर एक गुण, चरबीने गोल झालं असतं तर पाच, आणि मधे पाव-पाव गुणाच्या पायऱ्या. हिला त्यांनी अडीच दिले. होल्स्टीन संकरित, तिसरं वेत, व्यायला पन्नास दिवस, दिवसाला बावीस लिटर. या जातीची चांगली गाय व्यायच्या वेळी साडेतीनच्या आसपास असते आणि नंतर अर्धा ते एक गुण उतरतेच. कारण दूध दीड-दोन महिन्यांत शिखराला जातं आणि भूक त्याच्या मागून, तिसऱ्या महिन्यात वाढते. मधल्या दिवसांत ती अंगावरचं मांस दुधात घालते. शिवाय या गाईंची कमरेची हाडं धष्टपुष्ट असतानाही दिसतातच; आपल्या डोळ्यांसमोर चित्रातली गोल गीर गाय असते. डॉक्टरांचं मत एवढंच की एका गुणाचा उतार ही कड आहे, पुढे जाऊ देऊ नका. पेंड थोडी वाढवा आणि खनिज मिश्रण बंद केलंय ते चालू करा. मालक म्हणाले, गोणीचा भाव ऐकून बंद केलं.

डाव्या कुशीतली भकाळीही दाखवली. बरगडी संपते, कमरेचं हाड सुरू होतं, त्यांच्या मधली तिकोनी जागा. ती खोल गेलेली असेल तर जनावराने आज नीट खाल्लेलं नाही. “भकाळी आजचं सांगते, बरगड्या दोन महिन्यांचं,” असं ते म्हणाले. गाईची भकाळी भरलेली होती. माझ्या फोटोत गाय उजव्या बाजूने होती.

बैल. त्याच्यापाशी गेलो तेव्हा मालकांचा आवाजच बदलला. डांगी, अठरा वर्षांचा, जोडीतला दुसरा चार वर्षांपूर्वी गेला. डॉक्टरांनी खालचा ओठ ओढला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. जुळलेल्या, म्हणजे आठही दात पुरे आलेल्या बैलाचे ते फावड्यासारखे रुंद दिसतात. याच्या हिरडीत मक्याच्या दाण्याएवढे पिवळे खुंट उरले होते, तेही सगळे नाही. आणि मग डॉक्टर वाकले आणि काडीने शेण उकरू लागले. मला सासूबाई आठवल्या. शेणात बोटभर लांब काड्या आणि मक्याचे अख्खे दाणे होते. घातलेलं पोटात जात होतं, पण दाढाही झिजल्यामुळे चावलं जात नव्हतं, म्हणून अंगी लागत नव्हतं. पापणी उलटून बघितली तर आतून गुलाबी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसली. खुर वाढलेले नव्हते, खांद्यावर जुना घट्टा होता पण जखम नाही, अंगावर गोचीड नाही. “कुट्टी अजून बारीक करा, भरडा रात्रभर भिजवून द्या.” बैलाला गुण किती, असं मी विचारलं. “दोनसुद्धा नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “पण हयगय नाही.”

मला प्रश्न पडला होता तो मी शेवटी विचारून टाकला: काम नाही, दूध नाही, मग ठेवलाय कशाला? मालक हसले. २०१५च्या मार्चपासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल घेतो कोण? पांजरपोळात सोडता येतो, नाहीतर दावणीला मरेपर्यंत सांभाळायचा. “यानं बारा वर्षं वावर ओढलं ताई. माझेही आता दात हलायला लागलेत.”

इथवर माझी तक्रार साफ पडली होती आणि मी मनातल्या मनात ग्रुपवर काय लिहायचं याची जुळवाजुळव करत होते. डॉक्टर लशीची सुई भरून गोठ्याच्या आतल्या टोकाला गेले. तिथे एक कालवड होती. दीडेक वर्षाची, तुकतुकीत, गोल, पावणेचार गुण सहज. माझ्या एकाही फोटोत ती नव्हती. लस टोचायला त्यांनी तिच्या मानेचं कातडं धरलं आणि ती एकदम मागे सरली. त्यांनी वाकून वास घेतला, मग मला बोलावलं. मानेच्या घडीत नायलॉनचं दावं होतं. म्हणजे असावं, बाहेरून फक्त गाठ दिसत होती. बाकीचं कातडीत गेलं होतं, आणि गाठीशेजारच्या ओल्या फटीत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

ते दावं मार्चमध्ये बांधलेलं. कालवड वाढली, दावं तेवढंच राहिलं. मालक रोज तिला चारा घालत होते, रोज हात फिरवत होते, पण पाठीवरून. ते काही बोलले नाहीत. कालवडीचं डोकं छातीशी धरून उभे राहिले. डॉक्टरांनी ब्लेडने दावं कापून इंचाइंचाने सोडवलं, टर्पेंटाइनचा बोळा भरला, अळ्या चिमट्याने काढल्या, लाल पाण्याने धुतलं. पंचवीस मिनिटं लागली. नंतर हात धुताना ते मालकांना म्हणाले, “नव्या दाव्यात दोन बोटं गेली पाहिजेत. दर महिन्याला घालून बघायची.” एवढंच. ओरडले नाहीत. मला ते तेव्हा आवडलं नाही, मी ओरडले असते.

परतताना जीपमध्ये अहवाल झाला. बैल: वृद्धापकाळ, हयगय नाही. गाय: आहारात सुधारणा. कालवड: दाव्यामुळे जखम, उपचार केले, पंधरा दिवसांनी फेरतपासणी. तक्रारीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. मी ज्या दोन जनावरांसाठी रजा टाकली होती त्यांची तक्रार मागे घेतली. तिसऱ्याची कधी केलीच नव्हती. करावी का, यावर मी दोन रात्री घालवल्या. दाव्याला नेमका लागू पडेल असा शब्द त्या कलमात होता, आणि ती जखम फोटोतल्या कुठल्याही बरगडीपेक्षा खरी होती. शेवटी फेरतपासणीपर्यंत थांबायचं ठरवलं. हे बरोबर केलं असं छातीठोकपणे मी अजूनही म्हणणार नाही. ग्रुपवर मात्र सगळं लिहिलं, मी कुठे चुकले त्यासकट. पंचवीस संतापलेल्या चेहऱ्यांच्या जागी दोन अंगठे आले.

पंधरा दिवसांनी रविवार गाठून एकटीच गेले. मालकांना तोवर कळलं होतं अर्ज कोणाचा ते. चहा विचारला नाही, पण आत येऊ दिलं. कालवडीच्या मानेभोवती खपलीचं कोरडं कडं होतं आणि सुताचं सैल दावं. मी काही बोलायच्या आत त्यांनी त्यात दोन बोटं घालून दाखवली. गाईचं दूध लिटरभर उतरलं होतं, भकाळी भरलेली. डाव्या बाजूने बघितली. बैल बसून रवंथ करत होता, बरगड्या तशाच. मी त्याच्यामागे जाऊन वाकले आणि फोटो काढला.

सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, इकडून तिकडे सरकवला.

“दाणे दिसत नाहीत,” म्हणाल्या. “भरडा भिजवून देतोय तो. हा पोळा बघेल बैल.”