मुलांच्या वाढत्या नंबरासाठी रात्रीच्या लेन्स: माझा अनुभव

ऑर्थो-के, म्हणजे रात्री झोपताना घालून सकाळी काढायच्या लेन्स, सुरू करण्याआधी डॉक्टरांनी मुलीच्या फाईलवर डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली. चष्म्याचा नंबर घरात सगळ्यांना पाठ होता, लांबी कुणी विचारलीच नव्हती. खरं मोजमाप मात्र तेच. लहानपणी मायनस नंबर वाढतो तो बहुतेकदा डोळा मागच्या बाजूने लांबत जातो म्हणून. 1 मिमी लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. रात्रभर लेन्स घातली की सकाळी नंबर जवळपास नाहीसा होतो, पण तो कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलल्यामुळे. डोळा लांबायचा थांबला का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी लांबी मोजायची, शक्यतो त्याच यंत्रावर.

लेन्स कडक असते, पण तिच्यातून ऑक्सिजन जातो. व्यास साडेदहा-अकरा मिमी. तिचा मधला भाग कॉर्नियापेक्षा सपाट असतो. लेन्सखालच्या अश्रूंच्या पातळ थराच्या दाबाने कॉर्नियाचा वरचा थर मध्यभागी काही मायक्रॉनने पातळ होतो आणि भोवती गोलाकार जाड होतो. त्यामुळे कडेचा प्रकाश दृष्टिपटलाच्या पुढे पडतो आणि लांबीची वाढ मंदावते, असं मानलं जातं. मंदावते, थांबत नाही! हाँगकाँगच्या 2012 च्या ‘रोमिओ’ अभ्यासात दोन वर्षांत लांबीची वाढ चष्मेवाल्या मुलांपेक्षा 43 टक्के कमी होती. उणे 6 च्या पुढच्या नंबराला सहसा या लेन्स देत नाहीत.

घालताना खरी मेख बुडबुड्याची. लेन्स प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांनी काठोकाठ भरायची, मान खाली घालून चेहरा टेबलाला समांतर ठेवायचा आणि लेन्स खालून वर डोळ्याला लावायची. मान जरा तिरकी झाली की थेंब सांडतो आणि हवा आत शिरते. बुडबुडा राहिला तर कॉर्नियावर बारीक खळगे पडतात आणि सकाळी धूसर दिसतं. आरशात बुडबुडा दिसला की काढून पुन्हा भरायची. झोप आली म्हणून तशीच ठेवायची नाही.

सकाळी लेन्स डोळ्याला चिकटलेली असणं नेहमीचंच. थेंब घालून पाच मिनिटं थांबायचं, पापण्या मिटल्या-उघडल्यावर ती हलते का पाहायचं. हलत नसेल तर वर बघायला सांगून खालच्या पापणीच्या कडेने लेन्सच्या काठाखाली हलकेच दाबायचं. ती मोकळी झाल्यावरच रबरी प्लंजर (लेन्स चिकटवून ओढून काढायचं छोटं साधन) लावायचा, तोही मध्यावर नाही, खालच्या काठाजवळ. चिकटलेली लेन्स ओढली तर कॉर्निया खरचटतो.

टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात) मधोमध गोल आणि भोवती कडं दिसलं की लेन्स जागेवर बसते आहे. खालच्या बाजूला हसऱ्या ओठांसारखी कमान आली तर लेन्स रात्री वर सरकते. मग एकाच्या दोन आकृत्या दिसतात. नवीन लेन्स बनवून घेतल्याशिवाय हे सुटत नाही. पहिल्या आठवड्यात दुपारनंतर नजर उतरते, त्यासाठी कमी नंबरचा जुना चष्मा दप्तरात असू द्यावा.

पाण्याच्या बाबतीत सूट नाही. लेन्स, डबी, प्लंजर, कशालाच नळाचं पाणी लावायचं नाही. पाण्यातल्या अकॅन्थअमीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग दृष्टी घालवू शकतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. जंतू मारणाऱ्या पेरॉक्साइडच्या द्रावणात लेन्स किमान सहा तास हवी, नाहीतर डोळ्यात आग होते. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, यातलं एक जरी असलं तरी लेन्स घालायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सर्दी-तापातही सुट्टी.

लेन्स बंद केल्यावर कॉर्निया काही आठवड्यांत मूळ आकारावर येतो. खरा नंबर तेव्हाच मोजता येतो, तोही बुबुळ मोठं करणारे थेंब घालून. मात्र शाळकरी वयात मध्येच सोडलं तर लांबी पुन्हा वेगाने वाढू शकते, म्हणून बंद कधी करायचं ते लांबीचा आलेख पाहूनच डॉक्टर ठरवतात.