बटण बंद, दिवा चालू

एलईडी आल्यापासून एक तक्रार हमखास कानावर येते: बटण बंद केलं तरी दिवा मिणमिणतो. नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीतल्या आजींनी तर मला रात्री जेवताना फोन केला. "अरे, देवघरापाशी दिवा आपोआप लुकलुकतोय. घरात काहीतरी आहे बघ." मागून सूनबाईंचा आवाज, "आई, वायरिंगचा घोळ असेल हो." सूनबाईंचं बरोबर होतं.

बाबा वायरमन होते, मीही तोच धंदा करतो. बटणाचं काम तसं सोपं. वीज फेजमधून येते, बटणातून दिव्यात जाते आणि न्यूट्रलमधून परत फिरते. ही वाट कुठेही तोडली की दिवा विझतो. शाळेतल्या सेल आणि बल्बच्या प्रयोगात बटण सेलच्या कुठल्याही बाजूला लावा, काही बिघडत नाही. घरातल्या २३० व्होल्टला मात्र बिघडतं. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते आणि आपण त्याच जमिनीवर उभे असतो. म्हणून बटणाने फेजच तोडायला हवी. न्यूट्रल तोडली तरी दिवा विझतोच, पण फेज होल्डरपर्यंत येऊन बसलेली असते. बटण बंद आहे या भरवशावर बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला झटका बसतो तो असा.

दुसऱ्या दिवशी आजींकडे बल्ब काढला, बटण बंद ठेवलं आणि होल्डरमधल्या पितळी पिनेला टेस्टर लावला. एका पिनेवर टेस्टर लख्ख पेटला. मग मेनपाशी जाऊन बघितलं. कुणीतरी दुरुस्ती करताना दोन वायरींची अदलाबदल करून ठेवली होती, आणि जुन्या वायरी सगळ्या एकाच रंगाच्या, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. घरातली सगळीच बटणं न्यूट्रल तोडत होती, पंख्याचंसुद्धा. मेन बंद करून वायरी पुन्हा जागेवर लावल्या, दहा मिनिटांचं काम.

मग इतकी वर्षं दिवा का नाही मिणमिणला? कारण तिथे ६० वॅटचा पिवळा बल्ब होता. त्याला पेटायला पाव अँपिअरच्या आसपास करंट लागतो. सादळलेल्या भिंतीतून झिरपणाऱ्या इवल्याशा करंटने त्याची तार कोमटही होत नाही. एलईडीच्या आत मात्र कपॅसिटर असतो. गळक्या नळाखाली बादली भरावी तसा तो तेवढ्यावरही भरत राहतो. पुरेसा भरला की एकदा लुकलुक, की परत भरायला सुरुवात. ठाण्यात हे फोन पावसाळ्यात वाढतात ते उगाच नाही.

बटणावरच बारीक लाल दिवा असेल तर मला बोलावू नका. तो स्वतःपुरता करंट बल्बातूनच ओढतो, त्यानेही एलईडी मिणमिणते. फेज बटणावरच आहे ना, तेवढं एकदा तपासून घ्या.

निघताना सवयीने जिन्याचा दिवा बघितला आणि तिथे खरी गंमत निघाली. जिन्याला टू-वे बटणं असतात, एक खाली, एक वर. नीट जोडणीत खालच्या बटणाच्या मधल्या टोकाला फेज येते, दोन बटणांच्या मध्ये दोन वायरी धावतात आणि वरच्या बटणाच्या मधल्या टोकातून दिव्याला जाते. दोन्ही बटणं एकाच वायरीवर असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असली की विझतो. म्हणूनच अशा बटणाला चालू-बंदची ठरलेली बाजू नसते.

इथे कुणीतरी वायर वाचवली होती. दोन्ही मजल्यांवर फेज आणि न्यूट्रल हाताशी होत्याच, त्या दोन्ही प्रत्येक बटणाला दिल्या होत्या आणि दिवा दोन बटणांच्या मधल्या टोकांमध्ये टांगला होता. एकीकडून फेज, दुसरीकडून न्यूट्रल आली की दिवा लागतो. दोन्हीकडून न्यूट्रल आली तर विझतो. आणि दोन्हीकडून फेज आली तरी विझतोच, कारण दोन टोकांत व्होल्टेजचा फरकच उरत नाही! वरून बघणाऱ्याला दोन्ही अंधार सारखेच, पण दुसऱ्या अंधारात होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत. डोकं अफाट, यात वाद नाही, पण अशा माणसाला मी माझ्या घरात पाऊल टाकू देणार नाही.

नवी वायर टाकायची तर दोन मजल्यांची लाकडी पट्टी उखडावी लागेल. सेक्रेटरी काका म्हणाले, "दिवा तर व्यवस्थित लागतो की! बरं, मीटिंगमध्ये मांडतो." तोवर होल्डरशेजारी कागद चिकटवून आलोय: मेन बंद केल्याशिवाय हात लावू नये.